जनावर शिकते ते कशाने

एखाद्या कृतीपाठोपाठ जनावराला हवे ते मिळाले, की ती कृती ते पुन्हा करते; काहीच मिळाले नाही, तर हळूहळू सोडून देते. प्राण्यांना शिकवण्याचे आजचे सारे शास्त्र या निरीक्षणावर उभे आहे. मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत याला प्रबलन म्हणतात. बक्षीस कशाला म्हणायचे हे शिकवणाऱ्याच्या हाती नसते, ते जनावरच ठरवते. मालकाला वाटते, पाठीवर थाप मारली म्हणजे गाईला शाबासकी मिळाली. गाईच्या लेखी ती थाप म्हणजे नुसता दणका असतो. तीच गाय गळ्याखालची पोळी खाजवली की मान लांब करून उभी राहते. कृतीनंतर दिलेल्या गोष्टीने ती कृती वाढली, तर ते बक्षीस. वाढली नाही, तर देणाऱ्याची भावना कितीही चांगली असो, ते बक्षीस नव्हे.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी संशोधकाने सुरू केला. भुकेल्या मांजरांना तो कळ असलेल्या पेटीत कोंडत असे आणि बाहेर अन्न ठेवत असे. पहिल्या खेपांना मांजर ओरबाडायचे, चावायचे, धडपडायचे आणि कधीतरी पंजा चुकून कळीवर पडायचा. खेपा वाढत गेल्या तशा निरुपयोगी हालचाली गळत गेल्या आणि सुटकेचा वेळ कमी होत गेला. मांजराला एकदम काही उमगले असे थॉर्नडाइकला दिसले नाही. परिणामानेच कृतीची निवड होत गेली. हे काम 1898 मध्ये प्रसिद्ध झाले. रशियात इव्हान पावलॉव्ह याच सुमारास कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होता. अन्नाआधी नेमाने येणाऱ्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे त्याने दाखवले. या दुसऱ्या प्रकारच्या शिकण्यात प्राण्याला काही करावे लागत नाही, एक गोष्ट दुसरीची वर्दी देते एवढे त्याला कळते. पुढे बी. एफ. स्किनरने 1938 च्या ग्रंथात दोन्हींतला फरक नेमका मांडला आणि परिणामाने घडणाऱ्या वर्तनाचे मोजमाप करण्याची रीत घालून दिली.

परिणाम दोन तऱ्हांनी घडतो: काही दिले जाते किंवा काही काढून घेतले जाते. त्यातून कृती वाढते किंवा घटते. हवेसे देऊन कृती वाढवणे हे धन प्रबलन. नकोसे काढून घेऊन कृती वाढवणे हे ऋण प्रबलन. ते शिक्षेहून वेगळे आहे, आणि शेतकऱ्याच्या हातात सर्वांत जास्त तेच असते. सुपे, बारामती, दौंड हा जुन्या भीमथडीचा मुलूख. त्याच्या नावाचे भीमथडी घोडे मेंढपाळांच्या वाड्यांबरोबर आजही ओझे वाहतात. असा घोडा लगामाने वळतो तो याच ऋण प्रबलनाने. एका बाजूला ओढ बसते, घोडा तिकडे तोंड करतो, ओढ सैल पडते. औताचा बैलही कासऱ्याने असाच शिकतो. ओढीने नुसता प्रश्न पडतो, शिकवण होते ती ढील मिळण्यातून. बैल वळल्यावरही कासरा ताणलेलाच ठेवणारा माणूस बैलाला इतकेच शिकवतो, की वळले तरी सुटका नाही. अशा बैलाला लोक निबर म्हणतात आणि मग हातात पराणी येते. जाणता शेतकरी कोवळ्या खोंडाला मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतो आणि खोंडाचे पाऊल बरोबर पडताच कासरा सोडतो. त्याच्या या हाताला शास्त्राने नवे काही शिकवायचे नाही. त्याची रीत का साधते एवढे शास्त्र सांगते.

धन प्रबलनात सगळा भर वेळेवर असतो. कृती आणि बक्षीस यांत काही क्षणांचे अंतर पडले, तरी दरम्यान जनावराने दुसरे काहीतरी केलेले असते आणि बक्षीस त्या दुसऱ्या कृतीला लागते. कुत्रा बसतो, मालक खिशातून बिस्किट शोधतो, तोवर कुत्रा उठून उडी मारतो, आणि बिस्किट उडीला मिळते. यावर तोडगा काढला तो स्किनरचे शिष्य केलर आणि मारियन ब्रेलँड या जोडप्याने. 1947 मध्ये त्यांनी प्राणी शिकवून देण्याचा व्यवसायच सुरू केला. त्यांचा तोडगा असा: एखादा छोटा आवाज आधी अनेक वेळा अन्नाशी जोडायचा आणि मग नेमक्या क्षणी तो आवाज करायचा. अन्न पाठोपाठ आले तरी चालते. पावलॉव्हची लाळ आणि थॉर्नडाइकची पेटी इथे एकाच कामाला जुंपली गेली. डॉल्फिन शिकवणारे याच कामासाठी शिट्टी वापरू लागले, कारण पोहणाऱ्या प्राण्याला उडीच्या ऐन टोकावर मासा देता येत नाही. हवाईमध्ये डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी 1984 च्या पुस्तकातून ही पद्धत सामान्य वाचकांपर्यंत आणली. कुत्रे पाळणाऱ्यांच्या हातातला टकटक वाजणारा क्लिकर तिथूनच लोकप्रिय झाला.

या पद्धतीचा कस बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात लागतो तो गोठ्यात, पहिलारू कालवडीच्या धारेच्या वेळी. कालवड व्यायली की तिच्यावर एकाच दिवशी सगळे नवे कोसळते: दुखरी कास, मशिनचा आवाज, अनोळखी जागा, सडाला लागणारा हात. ती लाथ मारते. माणूस दचकून हात काढतो. या एका क्षणात कालवड पक्का धडा शिकते, की लाथ मारली म्हणजे हात जातो. पुढच्या वेळी लाथ आधी येते, मग मागचे पाय बांधले जातात, मग काठी येते, आणि मालक म्हणतो की जनावरच खोडीचे निघाले. खोडी तिच्या रक्तात नसते. ती पहिल्या आठवड्यात शिकवली गेलेली असते, न कळत आणि अतिशय नेटकेपणाने.

हेच काम विण्याच्या महिना-दीड महिना आधी सुरू केले तर दोरी लागत नाही. आधी कालवड धारेच्या जागी नुसती यावी आणि तिथे तिला मूठभर पेंड मिळावी, एवढेच. ती आपण होऊन येऊ लागली की पाठीवर हात. हात लागला, ती स्थिर राहिली, हात निघाला, पेंड मिळाली. इथे क्रमाला फार महत्त्व आहे: ती स्थिर असतानाच हात काढायचा, हलल्यावर नव्हे. म्हणून सुरुवातीला हात इतका थोडा वेळ ठेवायचा, की तिला हलण्याचे कारणच पडू नये. पाठीवरून बरगडी, बरगडीवरून जांघ, तिथून कास, मग एकेक सड. एखाद्या पायरीवर ती शेपूट झटकू लागली किंवा पाय उचलू लागली, तर पुढे रेटायचे नाही. मागच्या पायरीवर येऊन दोन वेळा सोपे यश मिळू द्यायचे आणि त्या दिवसापुरते थांबायचे. मशिनचा आवाजही असाच, आधी दुरून आणि तिचे तोंड गव्हाणीत असताना. रोज पाच-दहा मिनिटांचे हे काम. वेळ नाही ही सबब मालकाकडे नेहमी असते. पण बांधाबांधी, सांडलेले दूध आणि माणसाच्या गुडघ्याला बसलेली लाथ यांचा वेळ त्या हिशेबात धरलेला नसतो.

यामागे दयेइतकाच दुधाचाही संबंध आहे. गाय पान्हा चोरते, असे म्हणतात. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. गाय घाबरली की ते संप्रेरक अडते आणि दूध कासेतच राहते. गाय वासरासाठी ते मुद्दाम राखून ठेवते, असे नाही. 1999 मध्ये रशेन, द पासिले आणि मुंक्सगार्ड या संशोधकांनी गाईंची गाठ एका सौम्य आणि एका त्रास देणाऱ्या माणसाशी घालून दिली. धारेच्या वेळी त्रास देणारा माणूस नुसता जवळ उभा राहिला, तरी धारेनंतर कासेत मागे राहिलेले दूध सुमारे 70 टक्क्यांनी वाढले. त्याने त्या वेळी हातसुद्धा उगारलेला नव्हता. गाई माणसे ओळखतात, त्यात कपड्यांच्या रंगाचीही मदत घेतात, आणि कुणाकडून काय झाले ते लक्षात ठेवतात. ऑस्ट्रेलियात पॉल हेम्सवर्थ यांनी व्यावसायिक गोठ्यांवर वर्षानुवर्षे केलेल्या पाहण्यांतही हेच दिसले: जिथे गाई माणसाला बिचकतात तिथे दूध कमी. मुक्तसंचार गोठ्यात तर जनावर दाव्याला नसतेच. ते बोलावल्यावर येणार की हाकलावे लागणार, यावर रोजचे श्रम अवलंबून असतात.

शिक्षेने वर्तन थांबत नाही असे नाही. थांबते, आणि चटकन थांबते, म्हणूनच ती सुटत नाही. मारणाऱ्यालाच तिथे प्रबलन मिळते: काठी उगारली की गोंधळ तत्काळ शमतो. पण काय करू नये एवढेच शिक्षा सांगते, काय करावे ते सांगत नाही. आणि भीती कृतीपुरती राहत नाही. माणसाला, जागेला, हातातल्या बादलीला चिकटते. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि पुढे इशारा न देता चावतो. वर्तनशास्त्रज्ञांमध्ये सौम्य शिक्षेच्या जागेबद्दल वाद आहे, हे खरे. जर्मनीत 2021 मध्ये वासरांना ठरावीक जागी लघवी करायला शिकवण्याचा जो प्रयोग गाजला, त्यात 16 पैकी 11 वासरे शिकली. त्यांना गोड पाणी किंवा बार्लीचे बक्षीस होते, आणि चुकीच्या जागी गेल्यास पाण्याचा शिडकावाही होता. शिडकावा आणि पराणी यांतले अंतर मात्र कुणी विसरू नये.

महाराष्ट्रात प्राणी शिकवण्याची मोठी परंपरा सर्कशीची. सांगली भागातल्या विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली. ते मुळात घोडे शिकवणारे. या परंपरेतला सर्वांत विलक्षण माणूस म्हणजे पुण्यात 1902 मध्ये जन्मलेले दामू धोत्रे. मामाच्या सर्कशीत पोरवयात दाखल झालेला हा मुलगा सायकलवरच्या कसरती करता करता वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यापर्यंत पोचला आणि पुढे आल्फ्रेड कोर्ट या फ्रेंच शिक्षकाबरोबर 1940 मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत उतरला. कोर्टची पद्धत युरोपातल्या त्या घराण्याची होती, ज्याचा पाया हँबुर्गच्या कार्ल हागेनबेकने घातला: तापवलेल्या सळया आणि बंदुकीचे बार बाजूला ठेवून मांसाचे तुकडे, धीर आणि प्रत्येक प्राण्याच्या स्वभावाची पारख. धोत्रे यांच्या मराठी आत्मकथेच्या नावातच वाघ-सिंह सखेसोबती आहेत.

पिंजऱ्यातल्या या कामाचा गाभा म्हणजे स्टूल. प्रत्येक प्राण्याचे स्टूल ठरलेले, आणि मांस मिळायचे ते तिथेच, काठीच्या टोकाला लावून. त्यामुळे ते स्टूल प्राण्याला जगातली सर्वांत चांगली जागा वाटू लागते. बिबटे, वाघ, अस्वले एकाच रिंगणात असताना प्रत्येकाने आपली जागा धरून बसणे हाच सुरक्षिततेचा पाया असतो; उड्या, मनोरे हे सगळे त्यानंतरचे. चाबूक दिशा दाखवायला लांबलेला हात म्हणून वापरायचा. स्किनरचा ग्रंथ निघाला तेव्हा ही माणसे प्रबलनाचे नियम हाताने पाळतच होती, त्यांना शब्द माहीत नव्हते इतकेच.

म्हणून सर्कशीचा कैवार घ्यावा, असा याचा अर्थ नाही. शिकवण्याची रीत सौम्य असली तरी आयुष्य पिंजऱ्याचे आणि प्रवासाचे होते, आणि प्रत्येक तंबूत धोत्रे नव्हते. केंद्र सरकारने 1998 च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवण्यावर व दाखवण्यावर बंदी घातली, आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ही बंदी योग्यच होती. धोत्रे यांच्या हातची विद्या आज जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत उपचारांसाठी वापरली जाते: वाघ जाळीला अंग टेकवून शेपटीतून रक्त काढू देतो, हत्ती पाय पुढे करतो, भूल द्यावी लागत नाही.

पुण्याशी जोडलेले दुसरे नाव एका कुत्र्याचे आहे. पुण्याच्या शिवाजीनगर येथील गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेला जंजीर हा लॅब्रॅडॉर मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या सुमारास मुंबई पोलिसांकडे होता. त्याने 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर आणि 249 हातबॉम्ब शोधून दिल्याची नोंद आहे. नोव्हेंबर 2000 मध्ये तो गेला. अशा कुत्र्याला वासाशी बक्षीस जोडून शिकवतात. आधी तो वास आला की चेंडू किंवा खाऊ. मग अनेक डब्यांपैकी एकातच तो वास. मग खोली, मोटार, सामानाचा ढीग. सापडल्यावर भुंकणे किंवा उकरणे स्फोटकांच्या बाबतीत जीवघेणे, म्हणून बक्षीस मिळते ते फक्त शांत बसून दाखवण्याला. टांझानियातल्या अपोपो या संस्थेचे उंदीर सुरुंग शोधतात ते क्लिकर आणि केळ्याच्या तुकड्यांवर. त्यांच्यातल्या मगावाने कंबोडियात 71 सुरुंग शोधले आणि 2020 मध्ये त्याला शौर्याचे सुवर्णपदक मिळाले.

वास ओळखणाऱ्या कुत्र्याच्या कामात एक धोका माणसाकडून येतो, आणि तो आधी एका घोड्यात दिसला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणिते सोडवायचा. ऑस्कार फुंग्स्टने 1907 मध्ये उलगडा केला: प्रश्न विचारणारा उत्तराचा आकडा आला की नकळत मान किंचित उचलतो, आणि घोडा ती पाहून थांबतो. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले, की घोडाही चुके. 2011 मध्ये कॅलिफोर्नियात 18 कुत्रे आणि त्यांना हाताळणाऱ्या हँडलरांवर केलेल्या चाचणीत जागा रिकामीच होती, पण वास लपवला आहे असे हँडलरांना सांगितले होते. कुत्र्यांनी वास सापडल्याच्या खुणा भरपूर दिल्या. म्हणून चांगल्या सरावात माल कुठे आहे हे हँडलरलाही सांगत नाहीत.

प्रबलन माणसाच्या मनात नसतानाही घडत राहते, हे या शास्त्रातले सर्वांत उपेक्षित सत्य आहे. जेवताना शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याला घरातले नऊ वेळा हाकलतात आणि दहाव्या वेळी भाकरीचा तुकडा टाकतात. असे अधूनमधून मिळणारे बक्षीस दर वेळच्या बक्षिसाहून चिवट सवय लावते. फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 मध्ये हे सविस्तर नोंदवले. बक्षीस पूर्ण बंद केले तरी वर्तन आधी वाढते, मगच ओसरते. नेमक्या त्या वाढीच्या वेळी माणसे हार मानतात आणि अधिक मोठ्या हट्टाला बक्षीस देऊन बसतात.

रानातही हेच चालते. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये घोषित झाले. पाच चौरस किलोमीटरांच्या जरासे वर, चिंकारांसाठी राखलेले. येणाऱ्या गाड्यांपासून इजा होत नाही हे अनुभवून चिंकारा गाडीला सरावतात, पण पायी माणूस दिसताच पळतात. सरावणे हाही शिकण्याचाच प्रकार. उसाच्या पट्ट्यातल्या बिबट्याचे शिकणे अधिक काळजीचे आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले भागात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातला 87 टक्के जैवभार पाळीव जनावरांचा निघाला, त्यात कुत्र्यांचा वाटा एकट्याचा 39 टक्के. वस्तीजवळ टाकलेली मेलेली जनावरे आणि कोंबड्यांचा कचरा यांवर कुत्री पोसली जातात, कुत्र्यांवर बिबट्या. वस्तीकडे येण्याचे बक्षीस दर फेरीला मिळत असेल, तर फटाके वाजवून ती फेरी थांबत नाही. गोठा रात्री बंदिस्त करणे आणि कचरा उचलणे हे वर्तनशास्त्राच्या दृष्टीने फटाक्यांहून मोठे उपाय आहेत.

प्रबलनाला मर्यादा आहेत, आणि त्या ब्रेलँड जोडप्यानेच 1961 मध्ये प्रामाणिकपणे मांडल्या. डुकराला लाकडी नाणे गल्ल्यात टाकायला शिकवले. काही आठवड्यांनी डुक्कर ते नाणे वाटेत टाकून नाकाने उकरू लागले, अन्न लांबले तरी. अन्नाशी जोडलेल्या वस्तूला डुकराच्या जातीचे वागणे चिकटले होते. जॉन गार्सिया यांनी 1966 मध्ये उंदरांत दाखवले, की आजारपणाची सांगड चवीशी बसते, आवाज-उजेडाशी बसत नाही. पोटदुखी तासाभराने आली तरी चव टाळली जाते, म्हणजे इथे क्षणाचा नियमही सैल पडतो. चरणारी जनावरे बाधणारी वनस्पती एकदा भोगून टाळायला शिकतात ती याच जोरावर. प्रत्येक जातीचा कल ओळखूनच शिकवण आखावी लागते. खिलार बैलाला धावणे शिकवावे लागत नाही.

बैलगाडा शर्यतीचा प्रश्न इथेच येतो. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा निकालात शेपूट पिरगळणे, टोचणे अशा क्रूरतेची नोंद होती. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती ग्राह्य धरली. बैलाला वेदना देण्यावरची बंदी या दुरुस्तीतही आहे. न टोचता पळवायचे तर वर्षभराची तालीम लागते: जू अंगवळणी पडणे, गर्दीचा आवाज आधी दुरून ऐकवणे, शेवटच्या रेषेवर ओळखीचा माणूस आणि चारा. ज्याच्याकडे ही तालीम नसते त्याचा हात आयत्या वेळी शेपटीकडे जातो.

शिकवलेले टिकवणे हे वेगळे काम आहे. वर्तन पक्के झाल्यावर बक्षीस प्रत्येक वेळी लागत नाही. अधूनमधून, आणि कधी न कळवता मोठे, दिले तरी चालते. पूर्ण बंद केले तर ते विरते. जनावर शिकलेले सर्वत्र लागू करते असेही नाही: घरच्या गोठ्यात शांत उभी राहणारी गाय दवाखान्याच्या खोड्यात बिथरते, कारण खोडा तिने फक्त सुईच्या दिवशी पाहिलेला असतो. लाळ्या-खुरकूताच्या लसीआधी काही दिवस तिला खोड्यातून नुसते चालवून पलीकडे पेंड दिली, तर सुईचा दिवस अनेक दिवसांतला एक होतो. धार काढणारा बदलला तरी असेच करावे लागते. नवा माणूस पहिले काही दिवस जुन्याच्या शेजारी उभा राहतो, पेंड त्याच्या हातून जाते, हाक तीच आणि बाजूही तीच ठेवली जाते. मग जुना माणूस एकेक पाऊल मागे सरतो.